गुळाचे दोन खडे

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणालाच आठवत नाही, तेव्हा आपण कशाला डोकं शिणवायचं? पोरांनो, तुम्ही ऐकाच. आणि मागं भिंतीला टेकून जे मोठे बसलेत ना, त्यांनी जरा जास्त कान देऊन ऐका. गोष्ट एका पोरीची आहे, पण चूक मोठ्यांची आहे.

एका गावात एक कुंभार आणि कुंभारीण राहत होती. त्यांना ठकू नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. कुंभार चाकावर मडकं काढायचा आणि कुंभारीण ते थापटून गोल, पातळ करायची. दोघांचे हात लागल्याशिवाय त्या घरातून एकही मडकं बाहेर पडत नसे.

मग बिनसलं कुठं, असं तुम्ही विचाराल. अहो, मोठं काही झालंच नाही! तो दारू पीत नव्हता, ती कजाग नव्हती. एकदा जत्रेत चारचौघांसमोर त्यानं हसत हसत तिच्या कामाला नावं ठेवली. तिनं ते मनात धरलं. पुढं त्याच्या आजारी आईबद्दल ती काहीतरी लागट बोलली. त्यानं ते मनात धरलं. दोघांपैकी एकानं जरी "चुकलं माझं" म्हटलं असतं, तरी तिथल्या तिथं मिटलं असतं. पण म्हणेल कोण? दोघांनी तोंडाला कुलूप लावलं.

आणि मग त्या घरात सुरू झालं, "सांग तुझ्या आईला."

"ठकू, सांग तुझ्या आईला, माती चाळून ठेव म्हणावं."

"ठकू, सांग तुझ्या बाला, मला दहा हात नाहीत म्हणावं."

एकाच अंगणात, चार हातांवर बसून हे चालायचं! मधे ठकू. आधी तिला गंमत वाटली. मग तिच्या पोटात दुखायला लागलं, जेवण जाईना. शेवटी तिनं आपला उपाय काढला. तांदूळ निवडावेत तशी ती निरोप निवडायला लागली. टोचणारं सगळं काढून टाकायची आणि उरलेलं गोड करून सांगायची. नऊ वर्षांच्या पोरीनं हे काम करायचं? लाज वाटायला हवी होती त्या दोघांना. पण त्यांना पत्ताच नव्हता.

अशी दोन वर्षं गेली. सणाच्या तोंडावर कुंभारानं मोठा आवा लावला. दोनशे मडकी भाजायला घातली होती. दुसऱ्या दिवशी बाजाराला निघताना तो म्हणाला, "ठकू, सांग तुझ्या आईला, मी येईपर्यंत आव्याला हात लावू नकोस म्हणावं. मागच्या खेपेला घाई करून वाटोळं केलं होतं तिनं."

ठकूला वाटलं, हे ऐकून आई दिवसभर रडेल. तिनं टोचणारं काढायला घेतलं, आणि काढता काढता सगळा निरोपच निघून गेला. ती आईला म्हणाली, "बा म्हणाला, आव्याचं तू बघ. तुला कळतं त्यातलं."

आईचा चेहरा असा उजळला, की ठकूलाच रडू फुटायची वेळ आली. कुंभारीण पदर खोचून उठली. वरची राख तिच्या हाताला गार लागली. तिनं दुपारीच आवा उघडला. आत मडकी अजून तापलेली होती. वरून गार वारा लागला आणि तड, तड, तड करत एकेक मडकं तडकत गेलं.

कुंभार परतला आणि त्यानं कपाळाला हात लावला. "ठकू, सांग तुझ्या आईला, हे तिनं मुद्दाम केलंय!"

"ठकू, सांग तुझ्या बाला, त्यांनीच सांगितलं होतं!"

दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते, आणि दोघांचाही एकमेकांवर विश्वास नव्हता. आठ दिवसांत दोघं काडीमोड मागायला पंचांपुढं उभे राहिले. ठकूच्या मनानं मात्र तेव्हाच ठरवून टाकलं होतं, की घर मोडलं ते आपण.

त्या गावची एक रीत होती. पंच गवताची काडी मोडायचे, की नवराबायको मोकळे. मग त्यांच्या मुलाला पाटावर बसवायचे. एका बाजूला आई, एका बाजूला बाप, दोघांच्या तळहातावर गुळाचा एकेक खडा. मूल ज्याचा खडा उचलेल, त्याचं. दुसऱ्याचा उंबरा मग त्या मुलानं जन्मात ओलांडायचा नाही, वाटेत भेटला तरी हाक मारायची नाही. अशानं जखम लवकर भरते, असं जुनी माणसं म्हणायची. कुणाची भरते, हे मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं.

पंचांत मुख्य असलेल्या पाटलांनी काडी मोडली. ठकू पाटावर बसली. दोन हात तिच्यापुढं आले. दोन्ही हातांच्या नखांत तीच माती होती.

"आधी मला बोलायचंय," ठकू म्हणाली. "आवा माझ्यामुळं तडकला. बाचा निरोप मी बदलून सांगितला. दोन वर्षं मी सगळेच निरोप बदलून सांगतेय. खरे सांगितले असते तर तुम्ही कधीच वेगळे झाला असता."

कुंभारणीनं तोंडाला पदर लावला. कुंभार खाली बघत राहिला.

"झालं ते झालं," पाटील म्हणाले. "आता खडा उचल."

ठकूनं दोन्ही खडे उचलले आणि एकदम तोंडात कोंबले!

गाव हसलं, पण पाटलांच्या अंगाचा तिळपापड झाला. "ए पोरी! हे रीतीत बसत नाही!"

"न बसू दे," भरल्या तोंडानं ठकू म्हणाली. "काडी त्या दोघांमधली मोडलीत ना? मोडा. पण तुम्ही मला मोडायचं नाही!"

"रीत मोडणाऱ्या पोरीला दोन्ही घरं बंद," पाटील गरजले. "उद्याच हिला लांबच्या आत्याकडं धाडा!"

ठकू पाटावरून हलली नाही. कुंभाराला घाम फुटला. सवयीनं तो तिच्याकडंच वळला. "ठकू, सांग तुझ्या आईला..."

"नाही सांगणार!" ठकू ओरडली. "ती समोर बसलीय. तिला कान आहेत, तुला तोंड आहे. आजपासून मी कुणाचं काहीही सांगणार नाही!"

दोन वर्षांनी कुंभारानं बायकोच्या डोळ्यांत बघितलं.

"अगं," तो म्हणाला, "पोर जाईल आपली."

"नाही जाऊ द्यायची मी," ती म्हणाली. "तुम्ही?"

"मीही नाही."

दोघं उठून ठकूच्या दोन बाजूंना उभे राहिले. कुंभार म्हणाला, "पाटील, आम्ही वेगळे झालो. पण पोर दोघांकडं येईल, दोघांकडं राहील. गावाला चालत नसेल, तर गावानं दुसरा कुंभार बघावा." पाटलांनी मिशीवरून हात फिरवला, पंचांकडं बघितलं, आणि "बरं, तसंच होऊ दे" म्हणाले.

आता तुम्हाला वाटेल, दोघं परत एकत्र आले. छे! फार कडू झालं होतं. कुंभारणीनं विहिरीपलीकडं वेगळी चूल मांडली. ठकू पंधरा दिवस इकडं, पंधरा दिवस तिकडं राहू लागली. कधी कधी ती रडायचीही, खोटं कशाला सांगू? पण तिला ताप आला, की बा स्वतः विहिरीपलीकडं जाऊन आईला सांगायचा. ठकूचं पोट त्यानंतर कधी दुखलं नाही. आणि त्या गावात पुन्हा कुठल्याही पोरापुढं गुळाचे खडे धरले गेले नाहीत.

तात्पर्य: नवराबायकोनं वेगळं व्हायचं तर व्हावं, पण आपलं भांडण पोराच्या तोंडून भांडू नये आणि त्याच्या आईबापांतला एकही त्याच्यापासून तोडू नये.