लांडगा पळवणारे गुरुजी

फार फार वर्षांपूर्वी जंगलाच्या कडेला एक गाव होतं. तिथे जे घडलं त्याचा दोष एकट्या म्हाताऱ्या कथेकऱ्याचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी लांडग्यांना शिव्या द्यायला नकोत.

तरुणपणी त्याने एक गोष्ट रचली होती. तिच्यात माणसाने दरडावताच लांडगा शेपूट घालून पळतो. गोष्ट गाजली. राजाने शाल दिली. पुढे त्याला दुसरी गोष्ट काही सुचली नाही, म्हणून तो गोष्टी शिकवायला लागला आणि गावाचा गुरुजी झाला. स्वतःला जमेनासं झालं की म्हातारे शिकवायलाच बसतात.

गावची रीत अशी, की पारावरून सांगितलं ते खरं, पाराखाली बोललं ती कुचाळकी. आणि पारावर चढायचं तर गोष्ट आधी गुरुजींच्या कानावर घालायची.

एके दिवशी त्यांची एक शिष्या धापा टाकत आली. ती सरपणासाठी झऱ्याकडे गेली होती.

"गुरुजी, आज मला पारावर बोलू द्या. झऱ्यापलीकडे लांडगे बसलेत. मी ओरडले, दगड मारले. एकही हलला नाही. मी मागे सरले, तसे ते पुढे सरले."

"वा! थरार आहे," गुरुजी डोळे मिटून म्हणाले. "पुढे?"

"पुढे काय? मी पळाले."

"अगं, आपण नाही पळायचं. लांडग्याला पळव."

"पण तो पळाला नाही हो!"

"मग ही शाल मला काय लांडग्याने दिली? लोकांना घाबरवून घरी पाठवायचं नसतं, पोरी. शेवट नीट कर, नाहीतर पारावर पाय ठेवू नकोस."

बाकीचे शिष्य फिदीफिदी हसले. "हिच्या लांडग्यांनाच शिकवणी लावा, गुरुजी!"

काहीच न सांगण्यापेक्षा अर्धं सांगितलेलं बरं, असं पोरीला वाटलं. संध्याकाळी ती पारावर चढली. लांडगे पुढे सरले म्हणताच आयांनी पोरं कुशीत ओढली. तिने गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी भुवई उंचावली.

"आणि मी दरडावलं," ती हळूच म्हणाली, "तसे लांडगे पळाले."

लोक खूश झाले. निर्धास्त झोपले.

सकाळी बायका झऱ्यावर निघाल्या. सोबत ना कुणी पुरुष, ना कुत्री. पलीकडे लांडगे दिसले तेव्हा सगळ्या जागच्या जागी गोठल्या. गुरुजींची लेक तेवढी पुढे झाली. "हाड मेल्यांनो, चला!" ती दरडावून म्हणाली.

लांडगे उठले. पळाल्या त्या बायकाच.

तात्पर्य : शिकणाऱ्याच्या डोळ्यांतलं भय ज्याला वाचता येत नाही, त्याने कुणाच्या गोष्टीला हात लावू नये.

कथेकऱ्याला एकच लेक होती. ती परत आली नाही.