नकाशातला ओढा

रानात रस्तेसुद्धा नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. सगळं धान्य एकाच जागी साठवून तिथूनच व्यापार करायचा, म्हणून नवं नगर वसवायचं ठरलं. कारभारी कोल्ह्याने सागाच्या पानावर नकाशा काढून सभेत मांडला. त्यात कोठारं होती, रुंद रस्ते होते, काजव्यांचे दिवे होते.

“कारभारी, आमचा ओढा कुठंय?” खेकडीने विचारलं.

“तो बुजवायचा. तिथे चौक होणार.”

“मग पावसाचं पाणी कुठून जाणार?”

“ते नंतर बघू. तू संमतीची खूण कर.”

खेकडी पानावर चढली आणि भरसभेत तिने नांगीने ते या टोकापासून त्या टोकापर्यंत नागमोडी कापलं.

“ही माझी खूण. ओढा इथूनच वाहतो!”

“हाकला हिला!” कोल्हा ओरडला.

कोणीच हललं नाही. मग म्हातारी हत्तीण म्हणाली, “कारभारी, दुसरं पान घ्या. आधी ओढा काढा.”