आप्पांनी मेन स्विच का पाडला

एकदा एका बाजारगावात रेडिओ दुरुस्त करणारा एक वृद्ध गुरू राहत होता. लोक त्याला आप्पा म्हणत. “माझ्या हातून दुरुस्त झालेला सेट आजवर माझ्याकडे परत आलेला नाही,” असे आप्पा छाती फुगवून सांगत, आणि समोरच्याने आदराने मान डोलावली की लगेच जोडत, “पुन्हा बिघडला की शहाणी माणसं तो तालुक्याला नेतात.”

आप्पांना शिष्या एकच, मैनावती. ती शिवणकाम करी, आणि सवड मिळाली की कात्री ठेवून सोल्डरची कांडी हाती घेई. तिने हौसेने एक अॅम्प्लिफायर जोडला होता. तो आज प्रथमच विजेवर लावायचा, म्हणून संध्याकाळी आप्पा मुद्दाम तिच्या दुकानात आले.

आप्पांचा एक दंडक होता. नवे यंत्र थेट विजेला जोडायचे नाही. वाटेत जुन्या पद्धतीचा पिवळा दिवा ठेवायचा. आत कुठे तारेला तार चिकटली असली, तर तो दिवा भक्कन पेटतो, सगळा जोर स्वतःवर घेतो आणि यंत्र वाचते. मैनावतीने दिवा लावला होता खरा, पण एलईडीचा.

“हे काय गं?”

“वीज कमी खातो, आप्पा.”

“अगं, खायलाच तर बसवायचाय त्याला! आत जळो नाहीतर तरो, हा आपला सारखाच हसत राहणार, आपल्या सरपंचासारखा.”

आप्पा पिशवीत पिवळा दिवा शोधू लागले, तेवढ्यात मैनावतीचा फोन वाजला. हात गुंतलेले होते, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला.

“मॅडम, वीज कार्यालयातून बोलतोय. तुमचं बिल थकलंय. आता लाइट तोडतोय.”

“अहो, पण मी भरलंय बिल!”

“भरलं असेल, पण इथं चढलेलं नाही. लिंक पाठवलीय, ती दाबा, अॅप घ्या, त्यात बँकेचा पिन टाका. लवकर! आमचा माणूस खांबावर चढलाय.”

मैनावतीचा चेहरा उतरला. लग्नघरचे ब्लाउज सकाळी द्यायचे होते आणि मशीन चालायचे विजेच्या मोटरवर. आप्पांचा चेहरा मात्र वेगळ्याच कारणाने उतरला. शिलाईचे दुसरे मशीन घ्यावे म्हणून पोरीने कैक वर्षे पोटाला चिमटा घेऊन साठवलेले सगळे त्याच खात्यात होते, हे त्यांना ठाऊक होते.

“मैने, थांब.”

“थांबू कशी, आप्पा? तोडतील ना!”

तिचा अंगठा फोनच्या पडद्याकडे निघाला. आप्पा उठले, दाराशी गेले आणि त्यांनी खटकन मेन स्विच खाली पाडला.

पंखा मंदावला. दुकानात अंधार झाला.

“अहो आप्पा, हे काय केलंत!”

“त्याला सांग, गेली लाइट.”

मैनावतीला काही उमगेना. तरीही ती फोनमध्ये म्हणाली, “लाइट गेली हो.”

पलीकडचा माणूस अडखळला. “गेली? नाही हो... इतक्यात कशी जाईल?”

“खांबावरच्याला विचार की लेका!” आप्पा ओरडले. “आणि म्हणावं, जपून उतर.”

फोन बंद झाला. आप्पा अंधारात स्टुलावर बसून पोट धरधरून हसले. मैनावती मात्र विचारात पडली होती.

“तो दचकला का, आप्पा? लाइट घालवणार असं तोच म्हणत होता ना?”

आप्पांनी डोळे पुसले. “कारण लाइट त्याच्या हातात नव्हतीच. हातात होती ती तुझी भीती. बिल भरलंय, हे तुला माहीत होतं. पिन कुणाला द्यायचा नाही, हेही माहीत होतं. तरी अंगठा निघालाच ना? भीतीचा सगळा जोर थेट अंगठ्यात उतरला, वाटेत अडवायला काही नव्हतं. म्हणून मी ती भीतीच खरी करून टाकली. लाइट गेली, आता तो आणखी काय घालवणार? बघ, लगेच प्रश्न विचारायला लागलीस. असा फोन आला की आधी ठेवून द्यायचा. मग बिलावरच्या नंबरला आपण होऊन फोन लावायचा. तेवढी उसंत, तोच माणसाचा पिवळा दिवा.”

मैनावतीने चाचपडत जाऊन मेन वर केला. उजेडात तिने ती लिंक पुसून टाकली.

आप्पांना आता स्वतःच्या बोलण्याची चव लागली होती. “म्हणून सांगतो मैने, पुन्हा असं काही झालं तर डोकं शिणवत बसू नकोस. डोळे झाकून माझं ऐकायचं.”

मैनावतीने त्यांच्याकडे वळून पाहिले.

“डोळे झाकूनच तर त्याचं ऐकत होते, आप्पा.”