बुरूड गल्लीतला गणवेश

"…आणि दिवे? रस्त्यावर दिवे असले की जागा सुरक्षित, एवढं तरी मान्य कराल ना, आक्का?"

सुभद्राआक्का मठाच्या अंगणात गहू निवडत होत्या.

शर्वाणी घोडके वही पुढे वाचत राहिली. दिवे, कॅमेरे, राखणदार, दाराला आतून दोन कड्या, बसस्टँडपासूनचं अंतर. असे सतरा मुद्दे होते. ही यादी तिने स्वतः तयार केली होती. एकट्या प्रवास करणाऱ्या तीन-चारशे बायका तिच्या भरवशावर मुक्काम ठरवत. हे तिने सकाळपासून आक्कांना दोनदा सांगितलं होतं.

महानुभाव मठातल्या जुन्या पोथ्यांची सांकेतिक लिपी आक्कांकडून शिकायला ती शेंदूरगावला आली होती. तीन आठवडे राहायचं होतं. मठाचं छप्पर दुरुस्तीला उतरवलेलं, त्यामुळे तिथे सोय नव्हती. गावात खोली शोधायची होती, आणि ती आजच.

त्या दोन कड्यांमागे कारण होतं. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका गावी, बसमधून मागे लागलेला माणूस थेट तिच्या दारात येऊन उभा राहिला. त्याने धक्का दिला आणि कडी निखळली. शेजारच्या खोलीतली मंडळी धावून आली म्हणून निभावलं. पोलिसांनी तिलाच विचारलं, एकट्या कशाला फिरता. तो माणूस अजून मोकळा होता. परवा त्याचा फोन आला होता… आमच्याच जिल्ह्यात येतेयस म्हणे.

"त्याला खोली सापडली कशी?" आक्कांनी विचारलं.

"खालच्या चहावाल्याला विचारली. भला माणूस होता तो, सगळ्यांना मदत करायचा. मुद्दा तो नाही, आक्का. मुद्दा कडीचा आहे."

"असं…"

आक्कांनी गव्हाचं ताट बाजूला ठेवलं. दीक्षा घेतल्यावर अठरा वर्षं त्या एकट्या फिरल्या होत्या. रोज नवं गाव, नवी ओसरी, खांद्याला भिक्षेची झोळी. त्या ओसऱ्यांना दारंच नसत.

सकाळी बाहेरून पाहून आलेल्या वस्त्यांत या यादीप्रमाणे वर कोण, त्यांनी विचारलं. शिक्षक कॉलनी, शर्वाणी म्हणाली, सतरापैकी सोळा. आणि तळाला? बुरूड गल्ली. सतरापैकी दोन. रस्त्यात उघडी गटारं, घरांना कुडाच्या भिंती, आणि ज्याच्या त्याच्या हातात कोयता. त्या नावावर तिने लाल फुली मारली होती.

"दोन्हीकडे जाऊन ये," आक्का म्हणाल्या. "राहायचं आहे म्हणू नकोस. कॉलनीत देवकत्ते मॅडम एकट्या असतात. गल्लीत सरवदे सिस्टर. त्यांचं घर कुठं, तेवढं विचार आणि परत ये."

"एवढंच?"

"एवढंच."

कॉलनीत शर्वाणीला फार विचारावं लागलं नाही. राखणदार खुर्ची सोडून उठला. फेरफटका मारणारे एक निवृत्त मुख्याध्यापक थांबले. एका काकूंनी जाळीच्या दारातून पाणी दिलं, वर चहाचा आग्रह केला. घर तर तिघांनी मिळून सांगितलंच, शिवाय बरंच काही सांगितलं. मुख्याध्यापक तिला दारापर्यंत पोचवायलाही निघाले होते. तिने वहीत सोळाचे सतरा केले.

मग ती बुरूड गल्लीत गेली.

तोंडाशीच एक नऊवारीतली बाई बांबू चिरत बसली होती. शर्वाणीने सिस्टरचं घर विचारलं. कोयता थांबला नाही.

"तुमी कोण?"

"मी… त्यांच्या ओळखीची."

"वळखीच्या हाव, मग घर कसं ठावं नाही?"

पलीकडे सूप विणणारा म्हातारा हातातलं काम टाकून उठला आणि वाटेत येऊन उभा राहिला. नाव काय, गाव कोणतं, कुणी पाठवलं. आणखी दोन बायका दारात आल्या. शर्वाणीने कॉलेजचं ओळखपत्र काढलं. बाईने ते उलटसुलट पाहून परत दिलं आणि सांगितलं की अशी कुणी सिस्टर इथं राहत नाही. कधी राहतही नव्हती.

समोरच्या दोरीवर नर्सचा पांढरा गणवेश वाळत होता.

"मग हा कुणाचा?" शर्वाणीने विचारलं.

बाई उठली. तिने पदराला हात पुसले, गणवेश दोरीवरून काढला, त्याची नीट घडी घातली आणि मांडीवर घेऊन पुन्हा खाली बसली.

"माझा हाय," ती म्हणाली. "या आता."

शर्वाणी मठात परतली ती तणतणत. कॉलनीतली माणसं म्हणजे देवमाणसं, तिने सांगितलं. आणि त्या गल्लीत तिला चोरासारखी उलटतपासणी द्यावी लागली.

"तोंडावर खोटं बोलतात, आक्का. कपडा समोर वाळत असताना."

"कुणाचा म्हणाली?"

"स्वतःचा."

आक्का हसल्या. त्या दिवसातलं पहिलंच हसू.

"आणि कॉलनीतल्यांनी काय काय सांगितलं?"

शर्वाणी उत्साहाने सांगू लागली. उजवीकडचं तिसरं घर. मिस्टर बदलीच्या गावी, मॅडम एकट्याच. बरोबर साडेसहाला येतात. पुढचं कुलूप अडकतं, म्हणून मागच्या दाराने, आणि त्या दाराची किल्ली कुंडीखा…

ती थांबली.

आक्कांनी ताट पुन्हा पुढे ओढलं होतं. खडे एकेक करून बाजूला पडत होते.

शर्वाणीने वही मिटली.

"पण गल्लीतल्यांना तर मी चोरच वाटले," ती म्हणाली. आवाज उतरला होता. "मला कशाला खोली देतील ते?"

"खोलीचं मागाहून," आक्का म्हणाल्या. "आधी त्या बाईला सांगून ये… तुझं घर विचारत कोण येणार आहे ते."