भरतीची तिसरी गाठ

एका राज्यात, जिथे जमीन संपून पाणी सुरू होते तिथे, रत्नबंदर नावाचे नगर वसले होते. नगर असे देखणे की वाटसरूने पाहतच राहावे. शिंपल्यांच्या चुन्याने लिंपलेल्या भिंती, दारोदारी सुरंगीची झाडे, चौकाचौकात थंड पाण्याचे हौद. अशा नगरात एका सकाळी वेणाई नावाची बाई आली. काथ्याचे दोर वळणे हा तिच्या घराण्याचा धंदा. तिचा धाकटा भाऊ रायाजी दोर विकायला म्हणून इथे आला होता आणि वर्ष उलटले तरी परतला नव्हता. त्याला घेतल्यावाचून घरी जायचे नाही, असे ठरवूनच ती निघाली होती.

नगर फिरताना तिच्या जिवाला चैन पडेना. समुद्राकडच्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या. वाळत घातलेली धोतरे हलायला तयार नाहीत. माणसे गोड बोलत, पण समुद्राकडे पाठ करून बोलत. एवढा थोरला किनारा, आणि गाज म्हणून ऐकू येत नव्हती. एका गजरेवालीला तिने भावाविषयी विचारले. ती धक्क्यावर जा म्हणाली, आणि दिवस मावळायच्या आत वेशीबाहेर पड, असेही बजावून तिने दार लावून घेतले.

धक्क्यावर समुद्र फरशीसारखा निपचित पडला होता. होड्या त्यात रुतल्या होत्या. काठावर मिठाचे पुतळे ओळीने उभे होते, आणि शेवटचा पुतळा रायाजीचा होता. वेणाई त्याच्या पायाशी बसून रडू लागली. पुतळ्याच्या खांद्यावर एक कुरव, मासे टिपणारा पांढरा समुद्रपक्षी, पंख साफ करीत होता. त्या राज्यात पक्षी बोलत, त्याचे कुणाला नवल नव्हते. नवल एवढेच की हा खरे बोले.

कुरवाने तिला सगळे सांगितले. बारा वर्षांपूर्वी राजा चंद्रकेतूचा एकुलता एक मुलगा भरतीत बुडाला. पुन्हा कुणाच्या पोटचा गोळा समुद्राने नेऊ नये म्हणून राजाने मांत्रिकाकरवी भरतीच बांधून घेतली. मांत्रिकाने एका दोराला तीन गाठी मारल्या. पहिलीत वारा, दुसरीत गाज, तिसरीत भरती. दोराचे एक टोक पाण्यात, दुसरे राजाच्या मुठीत. तेव्हापासून नगरातले कोणी बुडाले नाही, आणि कोणी धड जगलेही नाही. तिन्ही गाठी एका दिवसात सोडील त्याच्या हातून शाप फिटेल. सूर्य बुडेपर्यंत एक जरी राहिली, तर सुटलेल्या गाठी पुन्हा बसतील आणि सोडणाऱ्याचे मीठ होईल.

वेणाईने विचारले, "माझा भाऊ दोर वळणारा. त्याला गाठ कशी सुटली नाही?"

"दोन सुटल्या. तिसरीसाठी राजाला काही सांगावे लागते. तुझा भाऊ भिडस्त. त्याची जीभ रेटली नाही."

हे वेणाईला पटले. पानात नको ते वाढले तरी मुकाट्याने खाणारा तिचा भाऊ, तो राजाला काय सांगणार! तिने डोळे पुसले आणि दोराचे पेड उकलायचा कमरेचा लाकडी टोचा काढला.

धक्क्याच्या टोकाशी, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर राजा चंद्रकेतू समुद्राकडे पाठ करून बसला होता. तिचे मागणे ऐकून तो म्हणाला, "बाई, परत जा. मला आणखी पुतळे नकोत."

"त्यातला एक माझा आहे, महाराज. तो घेऊन मी जाईन."

"मग सोड सुटते तर. मूठ मी उघडणार नाही."

पहिल्या गाठीला तिने हात घातला मात्र, नगरातली माणसे मदतीला धावली. सारी जमात होड्या ओढणारी. अडले की ओढायचे, न जमले तर आणखी चार माणसे लावून ओढायचे, याखेरीज त्यांना काही माहीत नव्हते. बारा वर्षे ओढून ओढून त्यांनीच त्या गाठी दगडासारख्या आवळल्या होत्या. वेणाईने सगळ्यांना खाली बसवले आणि हात मांडीखाली ठेवायला लावले. मग तिने दोर न ओढता उलटा गाठीच्या पोटात ढकलला. टोच्याने पेड सैल केले, पुन्हा ढकलला. दुपारी पहिली गाठ सुटली आणि धोतरे फडफडू लागली. ऊन कलताना दुसरी सुटली आणि गाज ऐकू आली. म्हातारी माणसे बसल्या जागी रडू लागली, पण हात मांडीखालून कुणी काढला नाही.

तिसरी गाठ राजाच्या मुठीपाशी होती, आणि तिथे दोर ताठ ताणलेला. ढकलायला बोटभरही ढील नव्हती. सूर्य पाण्याला टेकला. वेणाईच्या पायांच्या बोटांवर मीठ फुटू लागले. तिलाही भीती वाटली. पण भावाकडे एकदा पाहून ती बोललीच.

"महाराज, उठा. पाण्याकडे तोंड करा आणि तीन पावले पुढे या."

"त्या पाण्याने माझा मुलगा नेला."

"नेला, महाराज. आणि आपण दुसऱ्यांची मुले धक्क्यावर उभी केली."

राजा उठला. बारा वर्षांनी त्याने समुद्र पाहिला. पहिले पाऊल त्याने डोळे मिटून टाकले. दुसऱ्या पावलाला त्याने मुलाचे नाव घेतले. तिसरे पाऊल पाण्यात पडले, दोर सैल झाला, आणि वेणाईने तो गाठीत ढकलला.

भरती आली ती भिंतीएवढी लाट होऊन आली. पुतळे लाटेखाली गेले. मीठ पाण्यात विरघळते, हे वेणाईच्या तेव्हा ध्यानात आले. लाट ओसरली. मीठ वाहून गेले होते, माणसे उभी होती. रायाजीने तोंडातले खारे पाणी थुंकले.

"ताई, तू सांगितलेस त्यांना?"

"सांगितले."

त्याने बहिणीचे पाय धरले, आणि वेणाई आनंदाने ढसढसा रडली. गाठी मारणाऱ्या मांत्रिकाचे पुढे काय झाले, याची कुणी चौकशीही केली नाही.

दुसऱ्या सकाळी कोळ्यांनी होड्या लोटण्याची परवानगी मागितली आणि राजाने ती दिली. खिडक्यांच्या विटा निघाल्या. संध्याकाळी नगरातल्या बायका किनाऱ्यावर आल्या. बारा वर्षांनी त्यांना कुणाची तरी वाट पाहायची होती. राजाही त्यांच्यात उभा होता, हात रिकामे, तोंड समुद्राकडे. होड्या एकेक करून आल्या. शेवटची काठाला लागेपर्यंत तो जागचा हलला नाही, आणि मग सगळ्यांच्या बरोबर घरी गेला.