झिलू मेस्त्रीची ऊब

मला वाटलं होतं, झिलू मेस्त्रीची बंदूक आरशासारखी लखलखत असेल. आठ वर्षं परमुलखात यंत्रं शिकताना मी सगळ्यांना अभिमानाने सांगत असे, की आमच्या कुडवळ गावात एक लोहार होऊन गेला. त्याने शाळेचं तोंड न बघता पाच बारांची बंदूक खोलून पुन्हा जोडली होती. परवा सकाळी आमचे गावकार, म्हणजे गावचे मुख्य मानकरी, तात्या, यांच्या देवघरात ती बंदूक पहिल्यांदाच जवळून पाहिली. पौषातली थंडी होती. बंदुकीवर खोबरेलाचा थर गोठून तुपासारखा पांढरा झाला होता. त्यात कुंकू होतं, तांदूळ होते, मेलेल्या मुंग्या होत्या.

गावात तिची कथा सांगतात ती अशी.

फार फार वर्षांपूर्वी, कुडवळला अजून रस्ता नव्हता तेव्हा, जंगलाची मोजणी करायला आलेला एक साहेब जाताना ही बंदूक तेव्हाच्या गावकारांना देऊन गेला. गावात ठासणीच्या बंदुका होत्या, पण हिची तऱ्हा निराळी. एक बार झाला की आपल्याच धक्क्याने ती रिकामं काडतूस बाहेर फेकायची आणि दुसरं आत ओढायची. लोक तिला पाचबारी म्हणू लागले. साहेब गेला आणि पाचबारी रुसली. एक बार व्हायचा, मग रिकामं काडतूस तोंडाशीच अडकायचं. डुकरं रताळ्यांचे मळे उकरून जायची. कुणी म्हणालं, साहेबाने मंत्र घातलाय. गुरवाने तिच्यावरून कोंबडं उतरवलं. कोंबडं गेलं, बंदूक तशीच.

तेव्हा झिलू लोहार पुढे आला. केळीच्या पानांवर त्याने तिचा एकेक भाग मांडला. असं म्हणतात की सात दिवस तो त्या भागांपुढून उठला नाही. असं म्हणतात की स्प्रिंगला कान लावला की ती त्याला आपलं दुखणं सांगायची. धक्का झेलणारं पितळी कडं झिजून चिरलं होतं. झिलूने देवळाच्या फुटक्या घंटेच्या तुकड्यातून नवं कडं घडवलं, आणि त्या दिवसापासून प्रत्येक बारामागून घंटेचा नाद येई. पाच काडतुसं, पाच बार. डुकरं डोंगरापलीकडे पळाली.

झिलूचं गावाकडे एकच मागणं होतं. "हिका त्याल नको. फडको व्हयो." बार झाले की रॉकेलने धुवायची आणि कोरडी पुसायची, बस.

पण गावाला उपकार फेडायचे होते. दसऱ्याला कोयते-नांगर पुजले, तशी पाचबारीही पुजली, आणि घराघरातून वाटी वाटी खोबरेल आलं. झिलू आडवा आला. "अरे, ह्या लोखंड आसा! डोक्याक लावतत तसा काय लावतास?"

"मेस्त्र्या, तू दिवाळीक तरी आंगाक त्याल लावतस? तुका काय कळतला!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले.

दरवर्षी लोक ओतायचे, आणि दुसऱ्या दिवशी झिलू पुसायचा. एका वर्षी गावकारांनी बजावलं, देवाला दिलेलं तेल पुसणं हा अपमान आहे. झिलूला बंदुकीला हात लावू दिला नाही. दसऱ्याच्या उन्हात तेल पातळ होतं. बंदूक चालली. लोक झिलूला आणखीच हसले.

मग पौष आला. असं म्हणतात की त्या वर्षी विहिरीची वाफ रहाटावरच गोठून बसली. उजाडताना झिलूची बायको आनशी रताळी काढायला मळ्यात गेली. बांधाआडून एकसुळ्या डुक्कर उठला. गावकारांनी बार काढला. जखमी डुक्कर चवताळून आनशीवर वळला. गावकारांनी पुन्हा चाप ओढला. काहीच झालं नाही. आत तेल गोठलं होतं, आणि दुसरं काडतूस वाटेतच रुतलं होतं.

झिलू धावत आला. त्याने बंदूक हिसकावली, उघड्या छातीशी आवळली आणि तिच्यावर श्वास सोडत राहिला. असं म्हणतात की तेवढा वेळ डुक्करही झेपेत थांबून राहिला. झिलूने अंगातली सगळी ऊब तिला दिली. तेल वितळून त्याच्या पोटावरून ओघळलं. काडतूस सरकलं, बार झाला, डुक्कर आनशीच्या पायाशी कोसळला. झिलू उभाच होता. आनशीने त्याला हात लावला, तर तो न पेटलेल्या भट्टीतल्या लोखंडासारखा गार.

आनशी पुढे चाळीस वर्षं जगली. दर दसऱ्याला ती फडका घेऊन गावकारांच्या पायरीवर बसायची. "पुसा रे, एकदा तरी पुसा," म्हणायची. लोक तिच्या पाया पडायचे, आणि आत जाऊन तेल ओतायचे.

आजही कुडवळात दसऱ्याची पहिली वाटी झिलूच्या नावाने ओततात. नवी सून आली की तिच्या हातून ओतवतात. त्यातलं बोटभर तेल बाळाच्या टाळूला लावतात. पाचबारीचा परवाना अजून चालू आहे. पौषात डुकरं उतरली की तात्या तीच खांद्याला लावून बायकांबरोबर मळ्यात जातात.

परवा ती पाहून मी म्हटलं, "तात्या, ही अडकणार. माझ्याकडे द्या, तासाभरात पुसून देते."

"चार बुकां शिकलंस म्हणान आता झिलूचा त्याल पुसतलंस?" तात्या रागावलेसुद्धा नाहीत. हसले.

"पण ऐन वेळी अडकली तर?"

"झिलू आसा मां. तो ऊब देतलो."

त्यांच्यामागे टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी माना डोलावल्या. त्यांत माझी आई होती. दिवसभर मी बोलत राहिले, घराघरात गेले. सगळ्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं, आणि सगळ्यांनी तेच उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं. तालुक्याच्या पोलीस ठाण्यासाठी अर्ज लिहिला: कुडवळ येथील बंदूक वापरण्यास धोकादायक आहे, ती जमा करून घ्यावी. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं आणि पहिल्या एसटीला जाऊन उभी राहिले. झिलू मेस्त्रीची बंदूक गावातून कुणी घालवली, ते आता पिढ्यान्‌पिढ्या सांगतील.