काढ्यात मिसळलेली गोळी

फार पूर्वी, तालुक्याची सडक जिथे संपे आणि पायवाट सुरू होई, तिथे डोंगराच्या कुशीत एक गाव होते. त्या गावात सुंद्राबाई नावाची एक वृद्धा झाडपाल्याचे औषध देत असे. गाव तिला सुंद्राक्का म्हणे. कुणाच्या पोटात मुरडा आला, कुणाच्या अंगावर पित्त उठले, की लोक तिच्याच दारी येत. कोणती मुळी कोणत्या महिन्यात खणावी आणि कोणता पाला सावलीतच वाळवावा, हे ती सासूकडून शिकली होती. सासूने घालून दिलेली एक रीतही ती पाळत असे. औषधाचा पहिला घोट देणाऱ्याने स्वतः घ्यायचा आणि मगच भांडे रोग्याच्या हाती द्यायचे.

तिचा नवरा मायाप्पा घोंगड्या विणत असे. त्याचे बोलणे मोजके, हात मात्र सदा चालू. बायकोच्या हातचे काहीही तो न विचारता पिऊन टाकी. शेजारी थट्टा करीत, की सुंद्राक्काने उद्या मागावरची चिंचोक्याची खळ वाटीत घालून दिली, तरी हा बाबा ती पिईल आणि वर साखर बेताची पडली म्हणून सांगेल.

शहराकडच्या औषधावर मात्र मायाप्पाचा काडीचाही विश्वास नव्हता, आणि त्याला तसेच कारण घडले होते. वीस वर्षांपूर्वी एका औषधाच्या कारखान्याची रंगीत गाडी ताशा वाजवीत गावात आली. सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध, असे सांगून गाडीवाल्याने लाल औषधाच्या बाटल्या विकल्या. सुंद्राबाई तेव्हा बहिणीच्या बाळंतपणासाठी परगावी गेली होती. उशिरा झालेली एकुलती एक लेक मैना खोकल्याने बेजार झाली होती, म्हणून मायाप्पाने तिला आपल्या हाताने दोन चमचे पाजले. तीन दिवस पोरीने डोळे उघडले नाहीत. उघडले तेव्हा तिला ऐकू येईनासे झाले होते.

मायाप्पा दोन दिवस चालून कारखान्याच्या दारी गेला. तेथल्या कारकुनाने बाटली फिरवून तळाशी छापलेली मुंगीएवढी अक्षरे दाखवली. लहान मुलांना देऊ नये, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे, असे तो म्हणाला. मायाप्पाला वाचता येत नव्हते. तो तसाच परत आला. पुढे मैनाचे चांगले झाले, ती सासरी सुखाने नांदू लागली. पण त्या दिवसापासून शहरच्या औषधाने त्या घराचा उंबरा ओलांडला नाही.

एका वर्षी सुगीच्या दिवसांत त्या खोऱ्यात हिवतापाची साथ आली आणि मायाप्पा अंथरुणाला खिळला. दिवसाआड दुपारी त्याला हुडहुडी भरे. त्याने स्वतः विणलेल्या चार घोंगड्या अंगावर घातल्या, तरी त्याचे दात वाजत. सुंद्राबाईने गुळवेल, काडेचिराईत आणि सुंठ यांचा काढा पंधरा दिवस नेमाने दिला. ताप हटेना. मायाप्पाचे डोळे पिवळे पडले आणि डाव्या बरगडीखाली गोळा हाताला लागू लागला. असा गोळा सुंद्राबाईने आयुष्यात दोनदा पाहिला होता, आणि दोन्ही वेळा त्या माणसांना तिने शेवटचे पाणी पाजले होते. आपल्या पाल्याचा हात येथवर पोहोचत नाही, हे तिला कळून चुकले.

ती खिंड ओलांडून पलीकडच्या दवाखान्यात गेली. तेथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सर्व हकीकत शांतपणे ऐकून घेतली, काढ्यात काय काय घातले तेही विचारले आणि सात दिवसांच्या गोळ्या बांधून दिल्या. रोज दोन द्यायच्या, जेवणानंतर, आणि मध्येच बंद करायच्या नाहीत. चौथ्या दिवसाच्या सुमारास कानात घुमल्यासारखे होईल. घाबरू नये, गोळ्या संपल्या की ते थांबते. मात्र ऐकू कमी आले, तर तडक मला कळवावे. एवढे सांगून त्यांनी ते सुंद्राबाईकडून पुन्हा म्हणवूनही घेतले.

सुंद्राबाईने संकोचाने आपली रीत सांगितली आणि बाईंनी आधी एक गोळी तिच्यासमोर घ्यावी, अशी विनंती केली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, मला हा ताप नाही. ज्याला ताप नाही, त्याने ही गोळी घेऊ नये. मी घेतली तर तुमचं मन निवेल, पण त्यावरून आजोबांना अपाय होणार की नाही, ते काही कळणार नाही. त्यापेक्षा त्यांना सगळं खरं सांगून द्या. ते काय विचारतील, ते मला येऊन विचारा."

घरी येऊन सुंद्राबाईने पुडी नवऱ्यासमोर ठेवली. त्याने भिंतीकडे तोंड फिरवले.

"मैनाला मी या हाताने पाजलं," तो म्हणाला. "आता माझ्या तोंडात ते कुणी घालू नये. मी गेलो तर तुझ्या हातचा काढा पिऊन जाईन."

दोन दिवस तिने परोपरीने विनवले. तिसऱ्या दिवशी मायाप्पाला तिचे नावही नीट उच्चारता येईना. तेव्हा सुंद्राबाईने काढा उकळला, नवऱ्यासमोर बसून पहिला घोट घेतला, मग मध घालायच्या निमित्ताने त्याच्याकडे पाठ केली आणि गोळीची पूड वाटीत ढवळली. काडेचिराईत मुळातच इतके कडू, की मायाप्पाला काही वेगळे लागले नाही. त्याने नेहमीप्रमाणे न विचारता वाटी रिकामी केली.

रोज दोन्ही वेळा तिने असेच केले, आणि ताप उतरू लागला. चौथ्या दिवशी मायाप्पा उठून बसला आणि त्याने विचारले, "देवळात घंटा वाजतेय का गं?"

सुंद्राबाई म्हणाली, "नाही. आज कुठली घंटा?"

"मग ती माझ्याच कानात वाजतेय," तो हळूच म्हणाला.

ते घुमणे कशाचे आहे आणि ते थांबणार आहे, हे सुंद्राबाईला ठाऊक होते. एका वाक्याने त्याचा जीव भांड्यात पडला असता. पण ते वाक्य बोलायचे, तर गोळीचे नाव घ्यावे लागले असते. तापाने असे होते, एवढेच ती पुटपुटली. त्यानंतर तिने पाहिले, की मायाप्पा येता-जाता मागाच्या काठीवर बोटाने टिचकी मारतो आणि कान जवळ नेऊन ऐकतो. दिवसातून कितीतरी वेळा. तिने मान खाली घालून भाकऱ्या थापल्या.

सात दिवस पुरे झाले, ताप गेला, पुढे कानही शांत झाले. मायाप्पा मागावर बसला तसा गावात एकच बोलबाला झाला, की दवाखान्याला जे साधले नाही ते सुंद्राक्काच्या काढ्याने करून दाखवले. लोक नारळ घेऊन आले. सुंद्राबाईने नारळ घेतले नाहीत, पण खरे काय तेही सांगितले नाही. माणूस वाचला, आता कशाला बोला, असे तिने स्वतःला समजावले.

शेजारच्या तातोबा कुंभारालाही तोच ताप होता आणि तो दवाखान्याच्या गोळ्या घेत होता. मायाप्पाची बातमी ऐकताच त्याने दोनच दिवस घेतलेल्या गोळ्यांची पुडी छपराच्या वाशात खोचली आणि तो काढा मागायला आला. काढा घे, पण गोळ्याही चालू ठेव, असे सुंद्राबाईने त्याला बजावले.

तातोबा हसला. "आक्का, मायाप्पाकाकांना तुम्ही कुठं गोळ्या दिल्यात? का आम्हीच परके?"

तिने काढा दिला. आठ दिवसांत तातोबा तापात बरळू लागला. त्याची बायको गजरा कडेवरच्या पोरासह रडत आली आणि आणखी कडक काढा द्या म्हणाली. तेव्हा सुंद्राबाईने तिला समोर बसवून खरे काय ते सांगून टाकले.

गजराने डोळे पुसले आणि मान हलवली. "आक्का, हे तुम्हाला त्या डॉक्टरीणबाईंनी बोलायला लावलंय. मायाप्पाकाका आणि गोळी? काकांनी स्वतः येऊन सांगितलं तरच मी मानेन."

गजरा गेली. सुंद्राबाई मागापाशी जाऊन उभी राहिली. ज्या माणसाने आजवर तिच्या हातचे एकदाही विचारून प्यायले नव्हते, त्याच्यापुढे तिला आता तोंड उघडायचे होते. ती बोलू लागली. गोळी, मध, फिरवलेली पाठ, सगळे तिने सांगितले. शेवटी कानातल्या घुमण्याचेही सांगितले.

मायाप्पाचे हात थांबले. गोळीबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. त्याने एवढेच विचारले, "ते थांबणार, हे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मला वाटलं, मैनाचं झालं तेच माझं होणार. शेवटचं म्हणून मी तुझं भाकरी थापणं ऐकत बसायचो. आणि तुला ठाऊक होतं."

सुंद्राबाईने पदर तोंडाला लावला. मायाप्पा उठला, त्याने काठी घेतली आणि तिच्याकडे न पाहता तो बाहेर पडला. तो थेट तातोबाच्या अंथरुणापाशी जाऊन बसला.

"गजरा, पुडी काढ," तो म्हणाला. "मी गोळीनेच उठलो. मला न सांगता दिली, ते वाईट झालं. याला मात्र मी सांगून देतो."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंना निरोप गेला, तशा त्याही खिंड ओलांडून आल्या. तातोबाचा ताप उतरून त्याच्या कानात घुमू लागले तेव्हा मायाप्पा त्याच्या उशाशी बसून होता. हे होते, हे थांबते, माझे थांबले, असे तो त्याला पुन्हा पुन्हा सांगत राहिला. तातोबा बरा झाला. गावातले लोक तेव्हापासून दवाखान्यात गेले, की हे काय आहे, यापासून काय होऊ शकते आणि कुणी घेऊ नये, असे तीन प्रश्न विचारू लागले. आणि डॉक्टरीणबाई न कंटाळता त्यांची उत्तरे देत.

मायाप्पाच्या घरात मात्र काही दिवस अबोला होता. तो जेवे, पण पाणी आपल्या हाताने घेई. मग एका सकाळी सुंद्राबाईने खोकल्यासाठी काढा केला, तेव्हा त्याने वाटीकडे बोट दाखवून विचारले, "यात काय आहे?"

"अडुळसा, ज्येष्ठमध आणि दोन मिरी," ती म्हणाली. "जास्त दिवस घेतला तर घसा कोरडा पडेल."

तो प्यायला. त्या दिवसापासून तो प्रत्येक वेळी विचारू लागला. काढ्याचे विचारी, ताकाचे विचारी, एकदा तर साध्या पाण्याचेही विचारले. सुंद्राबाईने कधी तोंड वाकडे केले नाही. ताकात मीठ आहे आणि चिमूटभर जिरे आहे, असे ती गंभीरपणे सांगे आणि तो गंभीरपणे मान डोलावी. असे वर्ष गेले.

एके दिवशी विणता विणता मायाप्पाने हात पुढे केला, तिने दिलेली वाटी घेतली आणि विचारायचे विसरून तो ती सगळी पिऊन गेला. सुंद्राबाई रिकामी वाटी हातात धरून क्षणभर उभी राहिली. मग ती त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, "सुंठ होती, गूळ होता, आणि ओवा."

तात्पर्य: औषध रानातले असो वा कारखान्यातले, ते घेणाऱ्याला त्यातले गुण-दोष आधी सांगावेत; प्रेमापोटी लपवलेले सत्यही एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.